टेलचं पाणी

खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा हवेली ओलांडतो, दौंड तालुका पार करतो आणि इंदापुरात जाऊन संपतो. जिथं तो संपतो त्याला आमच्याकडे टेल म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीही टेलच म्हणते. पाणी कमी पडायला लागलं की ते सगळीकडे सारखं कमी पडत नाही. आधी टेल कोरडं राहतं. मग पोटचारी, मग चारी. मुखाशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र कालवा अजून काठोकाठ दिसत असतो.

राजकीय घराण्याचा प्रभाव असाच ओसरतो. बंगल्यासमोरच्या गाड्या कमी व्हायच्या कितीतरी आधी तालुक्याच्या कडेच्या एखाद्या वस्तीवरचा माणूस बंगल्यावर जायचा थांबलेला असतो. तो रागावलेला नसतो. त्याचं तिकडे काही काम उरलेलं नसतं.

विरोधक मोजता येतात. यायचा थांबलेला माणूस कुणी मोजत नाही.

*

केडगावच्या स्टेशनावर उभं राहिलं की दौंडचं राजकारण रुळांवर मांडल्यासारखं दिसतं. पुण्याच्या बाजूचं आधीचं स्टेशन खुटबाव, रमेश थोरातांचं गाव. दौंडच्या बाजूला कडेठाण आणि मग पाटस, तिथं भीमा सहकारी साखर कारखाना. नदीच्या अंगाला निघालं की राहू, कुलांचं गाव. भीमा ओलांडली की शिरूर. दोन घरांच्या चुरशीत कित्येक वर्षं एक तालुका उभा विभागला गेला, त्या दोन घरांत सायकलनं जाता येईल एवढंच अंतर आहे.

सुभाषअण्णा कुल नव्वदच्या दशकात इथले आमदार होते. 1999 साली राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली, त्याच वर्षी ते त्या पक्षाकडून पुन्हा निवडून आले आणि मुदत पुरी व्हायच्या आत गेले.

शोकाला धर्म तेरा दिवस देतो. कायदा सहा महिने देतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 साली घातलेलं एक कलम सांगतं की मुदतीचं वर्षभर तरी उरलं असेल तर रिकामी जागा सहा महिन्यांत भरा. या दोन मुदतींच्या मधल्या दिवसांत एका घराला ठरवावं लागतं, आपलं दुःख मतदारांपुढे न्यायचं की घरात ठेवायचं. दशक्रियेला घाटावर जमलेली माणसं कावळा शिवायची वाट पाहत असतात आणि त्याच गर्दीत पुढे कोण, ही कुजबुज सुरू झालेली असते. ऐकणाऱ्याला ती निर्दय वाटते. मला आता तशी वाटत नाही. आपलं अर्धवट राहिलेलं काम यापुढे कुणाकडे न्यायचं, हा भांबावलेल्या माणसाचा प्रश्न असतो, आणि तो विचारायला त्याला दुसरी जागा नसते.

पोटनिवडणुकीत रंजनाताई कुल आमदार झाल्या. 2004 ला पुन्हा झाल्या. पहिल्या विजयाला लोक सहानुभूती म्हणाले. दुसऱ्याला काय म्हणायचं? सहानुभूती एकदा मत देते. दुसऱ्यांदा मत हवं असेल तर रोज सकाळी दार उघडून बसावं लागतं. नवऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या बाईचं कर्तृत्व नवऱ्याच्याच खाती मांडायची आपल्याकडे सवय आहे. तो हिशेब चुकीचा आहे, आणि तो मांडणाऱ्यांत शहाणीसुरती माणसंही असतात याचा मला त्रास होतो.

2009 ला मुलगा राहुल कुल उभे राहिले. पक्षाचं चिन्ह होतं, वडिलांचं नाव होतं, आईची आमदारकी होती. निवडून आले अपक्ष रमेश थोरात.

त्या वर्षी पहिल्यांदा मत देणारा पोरगा 1991 च्या आगेमागे जन्मलेला. अण्णा गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या बापानं अण्णांना पाहिलं होतं, त्यानं फ्लेक्सवर पाहिलं. बापाची कृतज्ञता मुलाच्या बोटावरच्या शाईत उतरत नाही.

*

आमच्या घरातल्या ट्रंकेत एक पत्र आहे. एका पुढाऱ्याच्या नावाचं छापील शीर्ष, खाली गोल शिक्का, मधे चार ओळी: अर्जदार होतकरू व गरजू असून त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. अर्जदार म्हणजे माझे वडील. ते काम झालं नाही. नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळाली. तरी वडिलांनी ते पत्र घडी मोडू न देता जपलं. त्या पुढाऱ्यांनी खुर्ची दिली होती, चहा सांगितला होता आणि लेखनिकाला बोलावून वडिलांसमोर पत्र लिहवून घेतलं होतं. वडील आयुष्यभर त्यांनाच मत देत राहिले.

प्रभाव हा शब्द वर्तमानपत्रात मोठा दिसतो. माझ्या लेखी तो त्या खुर्चीएवढा आहे.

म्हणूनच तो वारसाहक्कानं देता येत नाही. जमीन नावावर होते, तलाठी वारसनोंद घालतो, फेरफार मंजूर होतो. खुर्ची पुढे करण्याची नोंद कुठल्या उताऱ्यावर घालायची? वारसाला बापाची माणसं मिळतात, बापानं दिलेले आणि राहून गेलेले शब्दही मिळतात. माणसं हळूहळू पांगतात. शब्द मात्र सगळे दाराशी येऊन उभे राहतात.

आणि गेलेला माणूस चुकत नाही. त्याच्या काळातला दुष्काळ विसरला जातो, रस्त्यातले खड्डे विसरले जातात, न झालेली कामंही आठवणीत झालेली असतात. जिवंत मुलाची तुलना रोज या निर्दोष माणसाशी होते. मुलाबद्दल मला इथं खरी कणव वाटते. वडील गेल्याचं दुःख त्याला एकदाही एकट्यानं करता येत नाही. दरवर्षी पुण्यतिथीला मंडप असतो, भाषणं असतात, आणि त्याचं रडणंसुद्धा कुणीतरी मोबाइलवर टिपत असतं.

*

पण नुसत्या आठवणीवर तालुका चालत नाही. दौंड, शिरूर, इंदापूर या पट्ट्यात प्रभावाला एक वजन होतं आणि ते टनात मोजता येत होतं. ते उसाचं होतं.

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. एवढा काळ सोसायटीचं कर्ज अंगावर असतं. तयार झालेला ऊस वेळेत तुटला नाही तर वजन घटतं, तुरा येतो, उन्हाळा तोंडावर येतो, पाण्याची पाळी हुकते, आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तोड कधी मिळणार हे कारखाना ठरवतो. कागदावर नोंदीच्या तारखेप्रमाणे क्रम असतो. पण तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय कुणाच्या बांधावर आधी येतो, टोळी कुणाच्या फडात आधी उतरते, हे गावाला पाठ असतं. एकाच कारखान्याच्या मुलखात त्या कारखान्याच्या अध्यक्षाचा शब्द हा पावसासारखा असतो. त्यावर प्रेम करायचं की नाही हा प्रश्नच नसतो. त्याची वाट पाहायची असते.

मग दुसरी धुराडी उभी राहिली. पाटेठाणला श्रीनाथ म्हस्कोबा, आलेगावला दौंड शुगर, यवतला अनुराज. आणि केडगावच्या आसपासची गुऱ्हाळं तर आहेतच; चरकाचा आवाज आणि काकवीचा वास नसलेली थंडी इथं कुणाला माहीत नाही. कुलांच्या हाती असलेला भीमा कारखाना अडचणीत आला, काही हंगाम बंद राहिला, तेव्हा या भागातला ऊस रानात वाळला नाही. तो दुसरीकडे गेला. शेतकऱ्यानं फोन फिरवला, दुसऱ्या चिटबॉयनं चिठ्ठी दिली.

प्रभाव त्या दिवशी ओसरला. मतमोजणीच्या दिवशी तो फक्त मोजला गेला.

यात शेतकऱ्याला स्वातंत्र्य मिळालं, हे मी मनापासून मानतो. तोडीसाठी कुणाच्या पायरीवर बसायला नको, ही लहान गोष्ट नाही. पण दुसरीही गोष्ट घडली आणि तिचं मला दुःख आहे. सहकारी कारखान्यात तो सभासद होता. वार्षिक सभेत उठून अध्यक्षाला प्रश्न विचारायचा त्याला हक्क होता. तो वापरला गेला नाही, दाबला गेला, तरी हक्क होता. खासगी कारखान्याच्या काट्यावर तो माल घालणारा आहे. भीमा कारखाना 2022 साली कर्नाटकातल्या निराणी समूहाला भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला. धुराडं पुन्हा पेटलं, ही आनंदाची गोष्ट. पण आता सभासदाचा प्रश्न ऐकायला समोर कोण बसलेलं असतं?

घराणं ओसरलं याचं वाईट वाटायचं कारण नाही. लोकशाहीत ओसरणं हेच चांगलं. घराण्याच्या हाती सोपवलेली, हजारो लोकांच्या घामाच्या शेअरवर उभी राहिलेली वस्तू त्याच्याबरोबर ओसरते, हे खरं नुकसान आहे. निवडणूक हरलेल्या घरात दुसऱ्या दिवशी चूल पेटते. बंद कारखान्याच्या वसाहतीत ती खात्रीनं पेटतेच असं नाही.

भीमेपलीकडे शिरूरला हेच पाहिलं. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना; त्याच्या नावात रावसाहेबदादा पवारांचं नाव आहे. त्यांचे पुत्र अशोक पवार 2009 आणि 2019 ला शिरूरचे आमदार झाले. कारखान्याचे हंगाम बंद राहिले, आणि 2024 च्या निवडणुकीत ते हरले. पराभवाला एकच कारण कधी नसतं. राष्ट्रवादी दुभंगली होती, समोरची बाजू सत्तेत होती. पण बंद कारखाना हा त्या प्रचारातला बोलका मुद्दा होता, आणि त्याला उत्तर देताना वडिलांच्या नावाचा उपयोग नव्हता. उलट प्रत्येक वेळी कारखान्याचं नाव घेताना वडिलांचंच नाव घ्यावं लागत होतं.

संस्थेला वडिलांचं नाव दिलं की नाव अमर होतं, असं मुलांना वाटतं. होतं ते एवढंच, की ते नाव त्या संस्थेच्या हवाली होतं. भोंगा वाजला तर नाव ऐकू येतं. नाही वाजला तर गंजलेल्या कमानीवर अक्षरं राहतात.

पाटसच्या कारखान्याचा पत्ता मधुकरनगर असा आहे. ते मधुकर कोण, हे रोज त्या फाट्यावरून जाणाऱ्या पोरांपैकी कितींना सांगता येईल? माणूस आधी नाव होतो, मग पत्ता होतो. पत्ता झालेल्या माणसाला कुणी विसरत नाही आणि कुणी आठवतही नाही.

*

कुलांचं घर मात्र 2009 ला संपलं नाही. 2014 ला राहुल कुल राष्ट्रीय समाज पक्षाकडून निवडून आले. त्या विधानसभेत त्या पक्षाचे ते एकटेच आमदार. 2019 ला भाजपकडून, 746 मतांनी. 2024 ला पुन्हा भाजपकडून. समोर दर वेळी थोरातच.

मग ओसरलं काय?

आमदारकी आणि प्रभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या घराकडे पाहताना कळलं. 746 मतं म्हणजे एखाद्या मोठ्या गावातल्या दोन आळ्या. त्या रात्री तालुका झोपला नसेल. वडिलांच्या काळी उमेदवारीचा कागद हाती पडला की अर्धं काम व्हायचं. मुलाला एकेका वस्तीवर जाऊन मत मागावं लागतं. पूर्वी पक्ष घराण्याच्या दारात यायचा, आता घराण्याला पक्ष शोधावा लागतो, आणि तो दर दहा वर्षांनी तोच असेल असं नाही. 2019 च्या लोकसभेला राहुल यांच्या पत्नी कांचन कुल बारामतीतून सुप्रिया सुळेंच्या विरोधात लढल्या. 1,55,774 मतांनी हरल्या, पण दौंडनं त्यांना आघाडी दिली. घराण्याची हद्द मतदान यंत्रानं तेव्हा नकाशावर आखून दाखवली: इथवर तुमचं, पुढे नाही.

मी याला ऱ्हास म्हणणार नाही. दर पाच वर्षांनी नव्यानं मागावं लागणं, हीच तर व्यवस्थेची मागणी होती. घराण्याला त्रास होतो तेव्हा बहुतेक वेळा मतदाराला मान मिळत असतो.

इंदापूरचं पाहून मन दुखतं ते वेगळ्या कारणानं. शंकरराव पाटील, तालुक्याचे भाऊ. त्यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील 1995 पासून सलग चार वेळा निवडून आले, त्यातले पहिले तीन विजय अपक्ष म्हणून. ज्याला चिन्हाची गरज नव्हती असं ते घर. 2014 ला हात, 2019 ला कमळ, 2024 ला तुतारी. तीन निवडणुका, तीन चिन्हं, तिन्ही वेळा पराभव, आणि तिन्ही वेळा समोर दत्तात्रय भरणेच. अपक्ष म्हणून जिंकणारा माणूस पक्ष बदलत हरतो, तेव्हा वाटतं, लोकांनी त्या काळी मत माणसाला दिलं होतं. माणूस मात्र पुढे चिन्हात स्वतःला शोधत राहिला.

सहानुभूतीचाही भरवसा नाही. पंढरपूरला आमदार भारत भालके गेले आणि 2021 च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र भगीरथ हरले. 2023 ला पुणे जिल्ह्यात आमदारांच्या निधनानं एकाच दिवशी दोन पोटनिवडणुका झाल्या. चिंचवडला लक्ष्मण जगतापांच्या पत्नी जिंकल्या. कसब्यात मुक्ता टिळकांच्या घरात उमेदवारी दिली नाही आणि भाजपनं वर्षानुवर्षांची जागा गमावली. पक्षांनी यातून सोयीचा धडा घेतला: घरातलाच द्या. मेलेल्या माणसाच्या कार्यकर्त्यांतही एखादा लायक असेल, हा विचार करायला सहा महिने पुरत नाहीत असं दिसतं.

मला कार्यकर्त्याचं सर्वांत वाईट वाटतं. नेता गेल्यावर घराला वारस मिळतो, पक्षाला उमेदवार मिळतो. ज्यानं पंचवीस वर्षं सतरंज्या उचलल्या, दवाखान्यात रात्री काढल्या, पोलीस ठाण्यात रदबदली केली, त्याला नव्या नेत्याशी पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते. "मी अण्णांबरोबर होतो" हे वाक्य सुरुवातीला प्रवेशपत्र असतं. काही वर्षांनी ते फक्त वय सांगतं.

*

आता बंगल्यावर जायची कारणंच कमी झाली आहेत. पैसा खात्यावर येतो. शेतकऱ्याला केंद्राचा हप्ता, 2024 पासून बाईला महिन्याचे पंधराशे. मोबाइल वाजतो आणि कळतं. कुणाला हात जोडायचे ते त्या संदेशात लिहिलेलं नसतं. श्रेय मुंबईला जातं, दिल्लीला जातं. तालुक्याच्या पुढाऱ्याकडे उरतं ते रस्ता, पाणी, बदली आणि भांडण.

पाणी मात्र अजून मोबाइलवर येत नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक असते, तिथं आवर्तन ठरतं, पुणे शहराची तहान आधी मोजली जाते आणि मग उरलेल्यात दौंड, इंदापूर बसवावं लागतं. नियम सांगतो, टेलकडून मुखाकडे भिजवत या. तो पाळायला लावणारा माणूस त्या खोलीत असावा लागतो. नेता हवा असतो तो इथं. त्याचं आडनाव काय, हे रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन चारीवर उभ्या असलेल्या माणसाला खरोखर नको असतं.

*

केडगावातच एक जुनी गोष्ट आहे, आणि राजकारणाची चर्चा चालू असली की मला ती आठवते.

पंडिता रमाबाईंनी इथल्या माळावर मुक्ती सदन उभं केलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्या उपाशी मुली, बालविधवा गोळा करून घेऊन आल्या. विहिरी खणल्या, शेती केली, शाळा काढली, छापखाना घातला. त्यांनाही एकच वारस होता: लेक मनोरमा. शिकलेली, परदेशात राहून आलेली, आईच्या कामात पुरी मुरलेली. पुढचं सगळं तिच्याकडे जाणार हे उघड होतं. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. आई मागे राहिली.

रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यांनी काम सोडलं नाही. संस्था नात्याबाहेरच्या सहकारी बाईंच्या हाती सोपवायची तजवीज केली, भाषांतर हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. शंभराहून अधिक वर्षं झाली, मुक्ती मिशन चालू आहे. सकाळी स्टेशनाकडे जाताना आतल्या मुलींचा आवाज अजून रस्त्यावर येतो.

ते पूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडलं. इथंच, केडगावच्या छापखान्यात, मुक्तीतल्या मुलींच्या हातांनी. लिहिणारी बाई तेव्हा दोन वर्षांपूर्वी मातीत गेली होती आणि तिची लेक तिच्याही आधी. खिळे जुळवणाऱ्या, फर्मे ओढणाऱ्या, ओल्या शाईचे कागद वाळत घालणाऱ्या त्या मुलींत त्यांच्या रक्ताची एकही नव्हती.